पाद्रीबुवांकडे राहिलेल्या चार ओळी

आजच्या या निरोपाच्या मेजवानीचे अध्यक्ष आणि आपल्या सॉल्टरबी गावाचे जमीनदार सर जर्व्हिस पॅमफ्लिन, बिशपसाहेबांच्या वतीनं चिखलातून वाट काढत मुद्दाम आलेले आदरणीय आर्चडीकन डॉ. स्ट्रेंजवेज, ज्यांच्यासाठी ही पंगत मांडली आहे ते आपले पाद्रीबुवा, रेव्हरंड हम्फ्री ऑल्डक्रॉफ्ट, आणि समोर बाकांवर, बाकं संपली म्हणून पिंपांवर, आणि पिंपं संपली म्हणून खिडकीत बसलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

मी टोबायस गॅथर्कोल. या चर्चचा कारकून. डॉ. स्ट्रेंजवेज सोडले तर मला ओळखत नाही असं इथं कुणी नाही. रविवारी मी स्तोत्राची एकेक ओळ म्हणतो आणि सगळा गाव ती माझ्यामागून गातो. म्हणजे माझं ऐकायची आणि ऐकून आपल्याच सुरात जायची, अशा दोन्ही सवयी तुम्हाला आहेत. आजही तसंच चालू द्या.

सर जर्व्हिस यांनी मला तीनदा बजावलंय. टोबायस, भेटवस्तू द्यायची, दोन शब्द बोलायचे आणि खाली बसायचं. भाजलेले हंस थंड होतायत, हे मलाही दिसतंय. पण माझ्याआधी डॉ. स्ट्रेंजवेज बोलले, ते हंस विस्तवावर होते तेव्हापासून बोलले, आणि तेव्हा कुणाला हंसांची काळजी वाटली नाही. मग कारकुनाच्याच वेळेला वाटावी का?

डॉक्टरसाहेब फार सुंदर बोलले. ते म्हणाले की लंडनमधले मोठमोठे सद्गृहस्थ पाद्रीबुवांच्या कविता हातानं उतरवून घेतात, एकमेकांना देतात आणि परत मागायला विसरतात. पाद्रीबुवा कविता छापू देत नाहीत, कारण छापलेली कविता बाजारात भाजीसारखी पडून राहते. आणि ते म्हणाले, एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या दोन गोष्टींना एका दोरीत बांधायची ताकद देवानं या माणसाला दिली आहे. बरोबर आहे. अकरा वर्षं झाली, त्या दोरीचं दुसरं टोक या गावाच्या हातात आहे. आमच्या हाताला काय घट्टे पडलेत ते आम्हालाच ठाऊक.

आता चालीरीतीप्रमाणे उत्सवमूर्तींचं चरित्र सांगायला हवं. पाद्रीबुवा नॉरिचच्या एका घड्याळजीचे चिरंजीव. वडिलांची इच्छा, पोरानं दुकान चालवावं. पोरगा घड्याळ उघडायचा आणि दुरुस्त करायचं सोडून विचारायचा, बाबा, यातली वेळ गेली कुठं? वडिलांनी हात जोडले आणि त्याला केंब्रिजला धाडलं. तिथून हे हॉलंडात गेले. मेलेली माणसं चिरून बघतात ते बघायला. तिथून लंडनला. लंडनला असताना काही कविता लिहिल्या. डॉक्टरसाहेबांनी मघाशी त्या तरुणपणीच्या कवितांचा नुसता उल्लेख केला, तर पाद्रीबुवांचे कान लाल झाले आणि सर जर्व्हिस यांच्या बाईसाहेबांनी पंखा उघडला. तेव्हा मी त्या वाटेला जात नाही. त्यानंतर यांनी धर्माची दीक्षा घेतली आणि बिशपसाहेबांनी यांना खाडीच्या टोकाला, आमच्या पदरात टाकलं.

पहिला रविवार तुम्हाला आठवत असेल. समुद्राचा बांध फुटला होता. निम्म्या गावाच्या शेतात खारं पाणी शिरलं होतं. माणसं चर्चमध्ये आली ती धीराचे दोन शब्द मिळतील म्हणून. पाद्रीबुवा वर चढले, वाळूचं घड्याळ उलटं केलं आणि म्हणाले की अश्रू खारट आणि समुद्रही खारट, म्हणून जो रडतो त्यानं समुद्र आधीच डोळ्यांत आवरलेला असतो, आणि जो आवरतो तो बुडत कसा नाही, तर अमुक, आणि बुडालाच तर तमुक. वाळू संपली. घड्याळ पुन्हा उलटं केलं. बाहेर पडताना म्हाताऱ्या बार्थोलोम्यू विननं दारातच माझी बाही धरली. म्हणाला, "गॅथर्कोल, म्हणजे बांध बांधायचा की नाही?"

मला काय ठाऊक! मी जाऊन पाद्रीबुवांना विचारलं. त्यांनी मला आणखी अर्धा तास समजावलं. पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी उजाडताना बांधावर सगळ्यांच्या आधी फावडं घेऊन हाच माणूस उभा होता. पायांत दिवाणखान्यातले बूट. दुपारपर्यंत ते बूट चिखलानं गिळले आणि हे मोज्यांवर काम करत राहिले. तर असा हा माणूस आहे. राग यावा तर हाताला काही लागत नाही, आणि प्रेम करायला जावं तर तो तोंड उघडतो.

हसू नका. मी चेष्टा करत नाही.

ही घ्या आधी भेटवस्तू. गावच्या बायकांनी विणलेला लोकरीचा झगा आहे. लंडनला थंडी कमी असते म्हणतात, पण मोठ्या चर्चचं दगडी काम अंगात शिरतं. पाद्रीबुवा, इकडे या. हां. लांबीला जरा जास्त झालाय, कारण माप घ्यायला आलेल्या बाईला तुम्ही माणसाच्या उंचीचा आणि त्याच्या सावलीचा संबंध समजावत बसलात. बसा आता.

वस्तू दिली. सर जर्व्हिस, तुमचं काम झालं. आता मी माझं बोलतो. मला खुणा करू नका, माझी नजर आता अधू झालीय.

डॉक्टरसाहेबांना आमच्या गावची एक रीत माहीत नसेल. इतर गावांत मोठ्या माणसांच्या अंत्ययात्रेला शवपेटीवरच्या काळ्या कापडाला कविता टाचतात. पाद्रीबुवांनी आमच्याकडे ती प्रत्येकाला केली. लोहाराची आई गेली, तिला टाचली. दारू पिऊन पाटात पडून मेलेल्या सायमनला टाचली. त्यात नोहाची नौका होती आणि सायमन असा एकटाच माणूस होता की जो पुरात नव्हे तर पिंपात बुडाला, असं काहीसं होतं. सायमनच्या बायकोला काही कळलं नाही, पण ती महिनाभर ताठ मानेनं हिंडली. माझ्या नवऱ्यावर कविता आहे, म्हणायची. कापडावर कागद असला की माणूस गेला नाही, मिरवत गेला, असं आम्हाला वाटायचं. समजायची काय गरज आहे?

तीन वर्षांपूर्वी माझी पोर गेली. ॲव्हिस. खाडीच्या हिवतापानं. पंधरा वर्षांची होती.

ॲव्हिस पाद्रीबुवांच्या घरी कामाला जायची. झाडायची, चूल पेटवायची, हंसाची पिसं आणून द्यायची लेखणीला. आणि या अख्ख्या गावात पाद्रीबुवांची कोडी आवडणारं तेवढं एकच माणूस होतं. हे काहीतरी वाचून दाखवायचे, ती चूल विसरून ऐकत बसायची. घरी येऊन आईला सांगायची, आई, आज पाद्रीबुवांनी आत्म्याला कुलूप केलं आणि देहाला किल्ली. आई म्हणायची, बरं केलं, आता हंस सोल. पोरगी हंस सोलता सोलता तेच पुटपुटायची. तिलाही सगळं कळत होतं असं नाही. पण न कळण्यात तिला मजा वाटायची. आम्हाला वैताग यायचा, तिला मजा यायची.

तिला पुरायच्या दिवशी पाद्रीबुवा आले. तुम्ही सगळे होता. एका हातात घडी घातलेला कागद, तोंडात टाचणी. पेटीपाशी उभे राहिले. मी बघतोय, तिची आई बघतेय, सगळा गाव बघतोय. त्यांनी कागद कापडावर ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला. मग खिशात घातला, टाचणी तोंडातून काढली आणि प्रार्थना सुरू केली.

सायमनला नौका मिळाली आणि माझ्या पोरीच्या कापडावर काही नाही. कोरं कापड घेऊन गेली ती.

आमची ॲग्नेस, पोरीची आई, त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाली, "अहो, तिनं त्यांचं काय बिघडवलं होतं?" मी सरळ गेलो पाद्रीबुवांकडे आणि विचारलं. पाद्रीबुवांनी माझा हात धरला. म्हणाले, टोबायस, कागद कुजतो. तिला मी दगड देतो. आणि खरंच, चर्चच्या पोर्चच्या दुरुस्तीतून उरलेला चांगला पांढरा दगड त्यांनी मला दिला. आमच्या बाजूला दगड म्हणजे बोटीतून आणायची वस्तू. आमच्यासारख्यांना लाकडाची फळी मिळाली तरी पुष्कळ. दगडावर चार ओळी देतो म्हणाले, येत्या रविवारपर्यंत. कॉब पाथरवटानं छिन्नीला धार लावली.

तो रविवार अजून यायचाय.

म्हणजे काही मिळालंच नाही असं नाही. मिळालं, तेच तर दुखणं आहे. पहिल्यांदा त्यांनी जे आणलं त्यात ॲव्हिसला शून्य केलं होतं. मी ॲग्नेसला वाचून दाखवलं. शून्य एकटं असतं तेव्हा काही नसतं, पण देवाच्या एकाशेजारी जाऊन बसलं की दहा होतं, असा अर्थ. आता माझी बायको दारावर खुणा पाडून हिशोब करते. तिला शून्य कुठून ठाऊक? मी समजावलं, शून्य म्हणजे काही नाही. ती उठून उभी राहिली. "माझी पोर काही नाही? असं लिहिलंय त्यांनी?" मी म्हटलं, पुढे दहा आहे. ती म्हणाली, पुढचं राहू दे. दोन दिवस माझ्या घरी चूल पेटली नाही.

मग नकाशा आला. मरण म्हणजे नकाशाची घडी, घडी घातली की दूरचं गाव जवळच्या गावाला टेकतं. ॲग्नेसनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, त्यांना म्हणावं, घडी घाला आणि चालून दाखवा मला तिच्यापर्यंत. मी तो निरोप जसाच्या तसा पोचवला. पाद्रीबुवांनी कागद माझ्या हातून घेतला आणि विस्तवात टाकला. पुढं दाणा आणि गिरणी झाली, मेणबत्ती झाली, भिंग झालं, एकदा तर हेरिंग मासे खारवायचं पिंप झालं. ते तर मीच घरी नेलं नाही. मला माझा संसार करायचाय.

दर वेळी मी एकच सांगायचो, पाद्रीबुवा, साधं लिहा. तिच्या आईला कळेल असं. ते म्हणायचे, हो टोबायस, साधंच लिहितो. आणि पुन्हा घरात शिरून आकाशातून काहीतरी ओढून आणायचे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथं आड तुडुंब भरलाय आणि पोहराच तळाला जाऊन बसलाय.

आणि याच तीन वर्षांत काय झालं? लेडी फेनविक यांची मुलगी वारली. देव तिच्या आत्म्याला शांती देवो, तिच्याविरुद्ध माझं काही नाही. पाद्रीबुवांनी त्या मुलीला कधी पाहिलं नव्हतं. ती काळी की गोरी, हसायची कशी, काही ठाऊक नाही. निरोप आला आणि एका आठवड्यात यांनी तिच्यावर तीनशे ओळी लिहिल्या. तीनशे! सगळं जग तिच्या मरणानं लंगडं झालं, ऋतू वाट चुकले, ताऱ्यांना सर्दी झाली. कागद लंडनला गेला, हातोहात उतरवला गेला, राजवाड्यापर्यंत पोचला म्हणतात, आणि आज पाद्रीबुवांना लंडनच्या मोठ्या चर्चमध्ये बोलावणं आलंय ते त्याच कवितेवर. डॉक्टरसाहेबांनी मघाशी तिच्यातला उतारा म्हणून दाखवला. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी नाही वाजवल्या. सर जर्व्हिस, तुम्ही माझ्याकडे बघत होता म्हणून सांगतो, मुद्दामच नाही वाजवल्या.

ज्या मुलीला पाहिलं नाही तिला तीनशे ओळी. जी रोज चूल पेटवायला यायची तिला चार नाहीत. मला सांगा, या गणिताचं उत्तर कुणाकडे आहे? मी तीन वर्षं करतोय. कधी वाटतं, गरिबाच्या पोरीसाठी मोठ्या माणसाची लेखणी चालत नाही. पण मग सायमनचं काय? तो कोणता उमराव होता? कधी वाटतं, हा माणूसच दगड आहे. पण पोरीच्या तापात सात रात्री आमच्या घरी पाटावर बसून राहिला तोही हाच. माझं डोकं चालत नाही. आणि उद्या सकाळी हे जाणार. पुस्तकांच्या दोन गाड्या भरून झाल्यात, तिसरीत बाडबिस्तरा. दगड पोर्चमध्ये भिंतीला टेकून उभा आहे. दर रविवारी ॲग्नेस त्याच्यावरून हात फिरवून आत येते. तिला वाचता येत नाही, तरी ती फिरवते. उद्यापासून त्या कोऱ्या दगडाचं मी काय करू? त्याच्यावर आमचं नाव घालून ठेवू आणि आमच्या खेपेला वापरू?

म्हणून मी ठरवून आलोय. सभेत बोलायची गोष्ट नाही हे मला कळतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं वय माझं राहिलं नाही. पाद्रीबुवा, सगळ्या गावादेखत विचारतो. कॉब पाथरवट हा समोर पिंपावर बसलाय. ॲग्नेस ती तिथं दाराशी आहे. हंस थंड होऊ देत, आर्चडीकनसाहेबांची गाडी थांबू दे. माझ्या पोरीच्या चार ओळी द्या. उपमा नको. नकाशा नको. चार नसतील तर दोन द्या. पण आत्ता द्या.

…

बसून बोललात तरी चालेल, पाद्रीबुवा. उठायची गरज नाही.

…

जरा शांत राहा मागे. बार्थोलोम्यू, पेला खाली ठेव. ते काय म्हणाले ते ज्यांना ऐकू आलं नाही त्यांच्यासाठी मी म्हणतो. ओळ म्हणून दाखवायचं माझं कामच आहे. पाद्रीबुवा म्हणाले:

"ॲव्हिस गेली. मला अजून काही सुचत नाही."

…

त्या दिवशी कापडावर ठेवून उचललेल्या कागदावर काय होतं, ते मी विचारलं नव्हतं. आत्ता ते सांगतायत, काही नव्हतं. घडी घालून कोरा कागदच आणला होता. चालता चालता सुचेल असं वाटलं होतं.

ॲग्नेस? ऐकलंस?

ती पुढे येतेय. वाट द्या तिला. काय म्हणतेस? मोठ्यानं बोल, सगळे आपलेच आहेत.

"हेच," म्हणतेय. "हेच पाहिजे होतं मला."

कॉब, ऐकलंस ना? हेच कोरायचं. ॲव्हिस गेली, मला अजून काही सुचत नाही. एवढंच. खाली वर्ष, सोळाशे एकतीस.

नाही, पाद्रीबुवा. नाही. कागद मागू नका. तुम्हाला लेखणी देणार नाही मी. ते म्हणतायत की ही कविता नाही. माहीत आहे. म्हणतायत की दगडावर 'अजून' कसं लिहायचं, दगड तर दोनशे वर्षं उभा राहणार, तो शब्द तेवढा काढू या. ॲग्नेस मान हलवतेय. ठेवायचा, म्हणतेय. दोनशे वर्षं तर दोनशे वर्षं.

तेव्हा अध्यक्ष महाराज, आपण मला बोलू दिलंत, खरं म्हणजे बसवायचं जमलं नाही तुम्हाला, तरी आभार मानतो. डॉ. स्ट्रेंजवेज यांचे आभार. ही बिअर गाळणाऱ्या आणि हंस भाजणाऱ्या सगळ्या बायाबापड्यांचे आभार. दोन शब्दांची परवानगी होती, जास्त बोललो. मोठ्या माणसांपुढं आवाज चढला, पाहुण्यांच्या मानाचं भान राहिलं नाही, उत्सवमूर्तीला भर पंगतीत उभं केलं. यातलं जे चुकलं असेल ते पोटात घाला.

आता वाढायला घ्या. पाद्रीबुवांना आणि ॲग्नेसला मात्र मागाहून वाढा. दोघं रडतायत, त्यांना रडू द्या.